पोटाकडून पाहिलेलं विमान

भर बाजारात चालता चालता मेस्त्री एकदम आडवे व्हायचे. खाली शेण आहे की चिखल, ते बघायचे नाहीत. पाठीवर पडून गळ्यातली जुनी दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि वरून जाणारं विमान दिसेनासं होईपर्यंत हलायचं नाही. मग उठून, पाठसुद्धा न झटकता, म्हणायचे, "पोट बघूक व्हया. पोट खोटां सांगणा नाय."

त्या वर्षांत तुम्ही मालवणच्या बाजारात येत-जात असाल, तर तुम्हीही त्यांना वळसा घालून गेला असाल. मी कितीदा गेले आहे. एकदा तर डोक्यावर नारळाची टोपली होती.

आमचं दुकान जाळ्यांचं. सूत, गळ, दोर, कंदिलाच्या काचा. यजमान शाळेत शिकवायचे, दुकान मी बघायचे. जाळं पाण्यात बुडायला खाली शिशाची वजनं लावतात, ती मेस्त्री ओतायचे. मातीचा साचा, त्यात वितळलेलं शिसं, निवलं की साचा फोडायचा. काम चोख. वजनांच्या पिशवीतून एक दिवस त्यांनी विमान काढलं. दोन पंख, दोन पंखे, वीतभर लांब. काउंटरवर उलटं ठेवलं, पोट वर करून.

मी सुलटं केलं. त्यांनी परत उलटं केलं.

"मेस्त्रीनू, असां कोण ठेयता?"

"मग काय पाठ दाखवूची? पाठ कोणी बघलीसा?"

पोटावर मात्र बघण्यासारखं होतं. पत्रे जोडलेल्या बारीक रेघा, चाकं आत घेतल्यावर मिटणारी झाकणं, पंखाखालची मोठी अक्षरं. सगळं खिळ्याच्या टोकाने कोरलेलं. चाकं नव्हती. पाठ गुळगुळीत, कोरी.

ते विमान बोटीवरच्या एका खलाशाने घेतलं. मग दुसरं, तिसरं. वजनांपेक्षा विमानांची विचारपूस जास्त व्हायला लागली, तेव्हा बावतीस आला.

बावतीस मुंबईच्या ओतशाळेत काम करून गावी परतला होता. त्याचा भाऊ तिकडे विमान कंपनीत सामान चढवायचा आणि त्याला विमानांची रंगीत पोस्टकार्डं पाठवायचा. बावतीसकडे ती चित्रं बघून घडवलेला दोन फाकांचा लोखंडी साचा होता. त्यात जस्त ओतायचा, साचा उघडायचा, की विमान तयार. पुन्हा ओतायचा, पुन्हा तसंच. वर रंग, खिडक्या, शेपटीवर कंपनीचं चिन्ह आणि खाली तीन चाकं. समोरच्या दुकानात त्याने ती ओळीने उभी केली, शाळेतल्या पोरांसारखी.

त्या दिवसापासून माझ्या दुकानाची पायरी म्हणजे दोघांचा आखाडा झाला.

"ओ मेस्त्री," बावतीस समोरून ओरडायचा, "मेलेलो मासो पोट वर करता. तुमच्या विमानाक काय झालां?"

"रे बावतीसा, तुजां विमान दहा घरांत एकच. तुका तरी कळता काय, खंयचां तुजां?"

"ह्यां विमान की मुडदुशो मासो?"

"मुडदुशाक तरी पोट आसता. तुज्याक खंय आसा?"

एवढं झालं की दोघं माझ्याकडूनच एकेक विडी घ्यायचे आणि एकाच काडीवर पेटवायचे.

खरी चुरस होती ती कसालच्या साहेबांसाठी. साहेब मुंबईत विमानतळावर नोकरीला. दर मे महिन्यात गावी यायचे, घरी जाण्याआधी मालवणला एक फेरी. त्यांच्या मुंबईच्या घरात काचेचं कपाट होतं आणि त्यात देशोदेशीची छोटी विमानं उभी होती म्हणे, विलायतेची, जर्मनीची. आमच्या बाजारातून ते वर्षाला एकच विमान न्यायचे. पाच-सहा वर्षं नेलं ते बावतीसचं. मेस्त्रींचं हातात घ्यायचे, उलटसुलट बघायचे, खाली ठेवायचे.

मेस्त्रींना त्या कपाटात जायचं होतं. तसं ते बोलले नाहीत. पण मे महिना आला की दाढी करून दुकानात येऊन बसायचे.

शेवटी एका वर्षी साहेबच म्हणाले, "मेस्त्री, काम तुमचं उत्तम आहे. पण कपाटात उभं तर राहिलं पाहिजे ना? पुढच्या वर्षी नवीन जेटचं करा, चाकं लावून. मी तुमचंच नेईन, शब्द देतो."

मला वाटलं, सुटला प्रश्न. तीन चाकं लावायला किती वेळ लागतो?

"लावा ओ मेस्त्रीनू," मी म्हटलं. "हट कित्याक?"

"हट न्हय, बाय. मी बघलंय तेवा चाकां नव्हती. नसलेली कशी लावू?"

"मग असलेली बघून येवा."

हे मात्र त्यांना पटलं. पावसाळा सरल्यावर धुतलेलं धोतर नेसून ते एस.टी.त बसले आणि आंबोलीच्या घाटाने बेळगावला गेले, विमान जमिनीवर कसं दिसतं ते बघायला. घाटात गाडी लागली, तिकडे थंडी लागली, पण विमान दिसलं. कुंपणाबाहेरून, उभं असलेलं, अगदी जवळून.

परत आले त्या दिवशी बावतीस आधीच माझ्या पायरीवर येऊन बसला होता.

"बघलास?"

"बघलंय."

"चाकां आसत मां?"

"आसत." मेस्त्रींनी दुर्बीण गळ्यातून काढून मांडीवर ठेवली. "पण तां विमान न्हय, बावतीसा. ती गाडी."

बावतीस हसला नाही. मी हसले.

मे महिन्यात साहेब आले. मेस्त्रींनी कागदातून जेट काढलं. तसं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पंखाखालची चार इंजिनं, त्यांची तोंडं पोकळ, पोटावर नखाएवढी नखाएवढी झाकणं, सगळी मिटलेली. चाकं नव्हती. मेस्त्रींनी ते काउंटरवर ठेवलं, पोट वर करून.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मेस्त्री, मी शब्द दिला होता. तुम्ही चाकं लावली असती तर..."

"होय. तुमचो शब्द तुमी पाळलास," मेस्त्री म्हणाले. "माका जमाक नाय."

साहेबांनी बावतीसचं नेलं. बावतीसने ते बांधून दिलं, पण त्या दिवशी समोरून काही ओरडला नाही.

आठवड्याने मेस्त्री नेहमीसारखे वजनांची पिशवी घेऊन आले. मी विचारलं, "जेट खंय?"

त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "शिसां फुकट कित्याक घालवू?"

वजनं मोजून घेतली आणि त्याच आठवड्यात विकली. दुकान होतं माझं, देवघर नव्हे. त्यानंतर त्यांनी विमान केलं नाही. वर आवाज आला की आडवे व्हायचे तेवढेच. दोन वर्षांनी पावसाळ्यातल्या तापाने गेले. खलाशांनी नेलेली त्यांची विमानं कुठल्या कुठल्या बंदरांत गेली, कोण जाणे. गावात एकही उरलं नाही.

बावतीसचा धंदा जोरात होता. पण मेस्त्री गेल्यानंतरच्या श्रावणात एका दुपारी, बाजार ओस पडलेला असताना, तो रस्ता ओलांडून आला आणि त्याने माझ्यासमोर एक नवं जेट ठेवलं. चाकांच्या जागी कानशीने घासल्याच्या खुणा होत्या. चाकं त्याने स्वतः काढली होती.

"ह्यां कोणासाठी?"

"बाय, मेस्त्रीचां एकादां आसा काय गो तुज्याकडे? मोडकां आसलां तरी चलात."

"नाय रे."

"पोटाचां काय आसता तां माका म्हायत नाय. पोस्टकार्डात कदी पोट येणा नाय." त्याने जेट उचललं. "तुका आठावता? झाकणां खंय होती?"

मला आठवेना. इतकी वर्षं ती विमानं मीच पुसून ठेवायचे, आणि आठवेना. तसं सांगितलं.

बावतीस पायरीवर बसला. जेट त्याने तळहातावर उलटं धरलं होतं, आणि त्याच्या कोऱ्या, गुळगुळीत पोटावरून तो अंगठा फिरवत राहिला.