बाबांनी पाठ दाखवली तेव्हा

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा आमचं घर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. आई आधीच गेलेली. माझी नोकरी हिंजवडीला, म्हणून ऑफिसजवळच्याच एका केअर सेंटरमध्ये त्यांना ठेवलं. पडून पडून त्यांच्या पाठीला जखम झाली. विचारलं की तिथले लोक म्हणत, "ड्रेसिंग चालू आहे मॅडम." मी दुसरीकडे जागा शोधत होते, मिळत नव्हती.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांना काही आठवत नसे. उठून भटकतात म्हणून त्यांचे हात खाटेला बांधलेले असत. मुलगा परदेशात. बाबांना ते 'साहेब' म्हणत, मी त्यांना काका म्हणे.

एका सकाळी मी गेले तर सगळीकडे नव्या चादरी, फिनाईलचा वास आणि काकांचे हात मोकळे. सरकारी तपासणी होती. अधिकारी बाई बाबांपाशी थांबल्या.

"आजोबा, जेवण कसं असतं इथलं?"

"आज उत्तम आहे. आपण रोज येत जा."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. "आता माझी पाठ बघा," ते म्हणाले, "आणि यांची मनगटं."

आयाने नाइलाजाने बाबांना कुशीवर वळवलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी काकांच्या बाह्या हलकेच वर सारल्या. कातडी सोलवटून काळी पडली होती.

थोड्याच दिवसांत सेंटर बंद करण्याचा आदेश आला. नातेवाइकांनी आपापली माणसं न्यावीत, असं सांगितलं गेलं. काकांच्या मुलाचा फोन लागेना, तेव्हा त्यांना शहराबाहेरच्या एका संस्थेत पाठवायचं ठरलं. गाडीत चढवताना ते बाबांकडे वळून म्हणाले, "साहेब, आपण येताय ना?"

"येतो, व्हा पुढे," बाबा म्हणाले.

बाबांना खुर्चीत बसवून जिने चढवून घरी आणलं. जखम भरायला वेळ लागला. बसता येऊ लागलं तशी त्यांनी काकांना भेटायला जायचं म्हणून टॅक्सी बोलवायला लावली. संस्था स्वच्छ होती. कुणाचेही हात बांधलेले नव्हते. काका मात्र आदल्या आठवड्यातच गेले होते. नव्या जागेत त्यांनी खाणंच सोडलं होतं, असं तिथल्या नर्सने सांगितलं.

परतताना बाबांनी विचारलं, "मी गप्प बसायला हवं होतं का गं?"

"नाही, बाबा."

आजही मी तेच म्हणेन. ते मात्र घर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.