दुसरीच्या वर्गात फोडलेलं अंडं

माझ्या पोरीचे पुढचे दोन दात पडलेले होते, तरी चावा घ्यायचा तो तिनं घेतलाच. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या दंडावर लाल वळ उमटला होता. कारण काय, तर त्या मुलीनं डब्यातलं लोणचं दिलं नाही. कंधारच्या त्या शाळेत मी हेडमास्तरांच्या खोलीत उभी होते, हाताला अजून कांद्याचा वास, आणि वर्गाच्या बाई पाढा वाचत होत्या. डबे चोरते, केस ओढते, पाटी फेकते, मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत खात बसते. हेडमास्तर म्हणाले, "शनिवारी पालकांची सभा आहे. लई तक्रारी आल्यात. त्या दिवशी दाखला घेऊन जा, म्हणजे विषय मिटला."

मी काही गप्प बसणारी बाई नाही. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. दहा वर्षं झाली, बसस्टँडसमोर ऑम्लेट-पावचा गाडा मी एकटी चालवते. मी बाईंनाच झापलं. पोरं सांभाळता येत नसतील तर नोकरी कशाला करता, इथपर्यंत बोलले. तोंडाला येईल ते सगळं बोलले, फक्त एक गोष्ट सोडून. पोरीला किडनीचा आजार आहे, हे मी सांगितलं नाही.

वर्षभर ते लपवून ठेवलं होतं. तोंड सुजलं की ॲलर्जी म्हणायची, नांदेडला न्यायची असली की मावशीकडं लग्न आहे म्हणायची. आमच्या घरात त्या वर्षी मावश्यांची किती लग्नं झाली, देवालाच माहीत. पोरीची जात आहे, उद्या कुणी हे उकरून काढलं तर तिला स्थळ येणार नाही, ही भीती. सात वर्षांच्या पोरीच्या स्थळाची काळजी करत होते मी!

नांदेडच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझा धंदा विचारून घेतला आणि मला कळेल असं सांगितलं. अंड्यातलं पांढरं असतं ना, तसलाच ऐवज आपल्या रक्तात असतो. हिच्या किडनीची चाळण सैल झाली आहे, म्हणून तो लघवीतून गळतो आणि अंगावर सूज चढते. त्यावर गोळ्या. रोज सकाळी काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवायची. नितळ राहिली तर ठीक, पांढरी झाली तर आजार परतला. मी वहीत रोज एकच शब्द लिहायची, नितळ. गोळ्यांनी भूक वाढेल, चिडचिड होईल, हेही त्यांनी सांगितलं होतं, आणि वर मीठ बंद. पोटात आग पडलेली आणि डब्यात अळणी भाजी. तिनं लोणच्यावर झडप घातली नसती तरच नवल.

हे सगळं माहीत असून त्या मंगळवारी हेडमास्तरांकडून घरी आल्यावर मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मराठी शाळेत घातल्यापासून ती घरातही मराठीच झाडते. रडत रडत म्हणाली, "अम्मी, मी राग करून न्हाई राहिले. तो आपोआप येऊन राहिला."

त्या धपाट्याची लाज मला अजून वाटते. पण त्याहून मोठा गाढवपणा दुसऱ्या दिवशी केला. म्हटलं, गोळीच पोरीला बिघडवते ना, मग गोळीच कमी करू. सूज तर उतरलीच आहे. बुधवारी निम्मी गोळी दिली, गुरुवारीही निम्मीच. पोरगी जरा शांत वाटली म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. शुक्रवारी सकाळी दिव्यावर धरलेली नळी दुधासारखी पांढरी झाली.

मिळेल त्या बसनं नांदेड गाठलं. डॉक्टर कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "ताई, गोळी कमी कधी करायची ते मी सांगणार. अशी मनानं कमी केली तर पोरीच्या जिवावर बेतेल. शाळेत सांगितलंय का?" मी मान खाली घातली. "मग त्या बाईंना स्वप्न पडणार आहे का?" परतीच्या बसमध्ये पोरगी मांडीवर झोपली होती. मला तिचा दाखलाही नको होता आणि तिची सूजही नको होती, आणि दोन्हीतून सुटायची वाट एकच होती, ती माझ्या तोंडातून जाणारी.

शनिवारी गाडा बंद ठेवला. पिशवीत दोन नळ्या, स्पिरिटचा दिवा, एक वाटी आणि एक अंडं घेतलं. निघताना पोरीला विचारलं, "सगळ्यांना सांगू का गं?"

तिनं विचार केला. "सांग. पण लघवी म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"पाणी म्हण."

दुसरीच्या वर्गात सतरंजीवर पालक बसले होते, पुढं पोरं. हेडमास्तर बोलायला उठले तशी मीही उठले. "सर, दाखला नंतर. आधी पाच मिनिटं मला द्या." त्यांनी हो म्हणायच्या आत मी टेबलावर वाटी ठेवून तिच्यात अंडं फोडलं. पुढची एक बाई पदर सावरून मागं सरकली. "शाळेत अंडं?"

"खायला न्हाई आणलं, मावशी. दाखवायला आणलंय."

एका नळीत नुसतं पाणी घेतलं, दुसरीत पाण्यात थोडं पांढरं कालवलं. दोन्ही दिव्यावर धरल्या. पहिली होती तशीच राहिली. दुसरी हळूहळू पांढरी होत गेली, तशी पोरं गुडघ्यांवर उभी राहून बघायला लागली. मी म्हणाले, "माझ्या पोरीच्या अंगातलं हे पांढरं पाण्यावाटे वाहून जातं. ते थांबवायला गोळी लागते. ती गोळी तिला भूक लावते आणि राग आणते. ती चावली, ती चूकच आहे, तिच्या वतीनं मी माफी मागते. पण आजार मी तुमच्यापासून लपवला, ही त्याहून मोठी चूक आहे आणि ती माझी आहे." रडले, पण शेवटपर्यंत बोलले.

कुणीतरी विचारलं, दुसऱ्याला लागतं का. मी नाही म्हणून सांगितलं. बाई उठल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "ताई, मला आधी कळलं असतं तर मी हिला कोपऱ्यात उभी केली नसती." मंगळवारी मी त्यांना काय काय बोलले होते ते आठवून माझीच मान खाली गेली.

हेडमास्तरांच्या हातात दाखला होता, सहीसकट. माझी पोरगी जिला चावली होती, त्या मुलीच्या वडिलांकडं त्यांनी बघितलं. खेड्यावरून आलेला शेतकरी माणूस, सबंध वेळ हाताची घडी घालून बसलेला. तो उठला.

"भाभी, माझ्या लेकीला लागलंय, ते मी विसरणार न्हाई," तो म्हणाला. "पण आजारी लेकराला शाळेतून काढा म्हणायला मी एवढ्या लांबून आलो न्हाई. सर, फाडा तो कागद."

आणि हेडमास्तरांनी तो फाडला. मधल्या सुट्टीची वाट न बघता साडेदहाला माझ्या पोरीनं स्वतःचा डबा उघडायचा, राग आला की सरळ बाईंच्या टेबलापाशी येऊन उभं राहायचं, असं बाईंनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पूर्ण गोळी पुन्हा सुरू केली तरी नळी नितळ व्हायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ती चौदा वेळा टेबलापाशी गेली आणि एकदाही चावली नाही.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी फाटकाबाहेर आल्यावर तिनं माझा हात ओढला. "अम्मी, मी उद्या शाळेत येऊ?"

"उद्या रविवार हाय."

"मग परवा?"

"परवा ये, तेरवा ये, दहावी होईपर्यंत रोज ये. बघते कोण काढतंय ते." एवढ्या मोठ्यानं बोलले की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत.