पिशवी त घरीच राह्यली!

प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या आणि देवरीतल्या माझ्या किराणा दुकानात किस्स्यांचा नुसता ढीग लागला. आधी जेवताना बायकोला सांगायचो, ती पोट धरून हसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता ताटासमोर बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्हीच ऐका.

आमचे एक गुरुजी. शाळेत ‘पन्नी हटाव’वर जोरदार भाषण ठोकलं आणि थेट दुकानात आले. सहा अंडी हवी होती, पिशवी नव्हती. आता प्लास्टिकची पन्नी मागणार कोणत्या तोंडाने? अंडी हेल्मेटात ठेवून निघाले! हायवेवर पोलिसाने अडवलं.

"गुरुजी, हेल्मेट काऊन नाही घातलं?"

"साहेब, भरलेलं आहे!"

दुसरा एक शेतकरी. दोन किलो पोहे खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधून बसस्टॉपकडे गेला आणि दहा मिनिटांत तणतणत परत.

"सेठ, वजनात मारून राहिले का?"

मी बाहेर पाहिलं. दुपट्ट्याला भोक, आणि मागे मोहल्ल्यातल्या साऱ्या कोंबड्या!

माझंही ऐका. परवा आठवडी बाजारात गेलो. बायको दोन पिशव्या द्यायची, त्या सवयीने दोन घेतल्या. पावभर वांगी झाली, संपला बाजार. भाजीवाली म्हणाली, "भाऊ, दुसरी कायले आणली?" तशीच घडी घालून परत आणली.

आणि आमच्या सरजाकाकी. मागच्या गल्लीत एकट्याच राहतात, मुलगा हैदराबादला. रोज सकाळी येणार, स्टुलावर बसणार, गुडघ्यापासून मुलापर्यंत सगळं बोलणार, मी डाळ मोजली की कपाळावर हात मारणार. "पिशवी त घरीच राह्यली!" मग घरी जाणार, पिशवी घेऊन येणार, पुन्हा अर्धा तास बसणार.

मला वाटलं, म्हातारीचे पाय दुखतात. एक कापडी पिशवी आणली आणि खुंटीला टांगली. "काकी, ही तुमची. आता चक्कर नको!"

काकींनी पिशवीला हात लावला नाही. डाळ पदरात घेतली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवसापासून येणंच बंद! सकाळ काही केल्या सरेना. रिकाम्या स्टुलाकडे पाहून मला माझाच राग आला. चांगली अक्कल पाजळली होती मी!

आठवड्याने काकी आल्या. खुंटी रिकामी.

"पिशवी कुठं गेली वो भाऊ?"

"काकी, उंदराने कुरतडली."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग मी बसलो होतो त्या गादीकडे पाहिलं. गादीखालून पिशवीचा बंद लोंबत होता.

"उंदीर लय मोठा आहे वाटते," काकी म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "चाय सांगा. मंग जाऊन घरची पिशवी आणा लागन."