निम्म्या तारांचा अडॅप्टर

सुट्या भागांच्या दुकानदाराने मला फसवले. माझ्या गॅरेजमधल्या लॅपटॉपवरचे, गाडीचा बिघाड दाखवणारे जुने सॉफ्टवेअर गाडीला जोडायला त्याने दिलेला वीतभर वायरीचा अडॅप्टर नीट बसतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. समोरच्या गॅरेजवाल्या दत्तूला त्याच दुकानातून तसाच मिळाला आणि तो चालतो.

आज शाळेतल्या बाईंची गाडी दत्तूच्या दारात होती. त्या गाडीचा प्रत्येक बिघाड मी वर्षानुवर्षे आवाजावरून ओळखत आलो.

"शेठ, आता कान लावायला नको, ही वायर स्क्रीनवर सगळं लिहून देते," दत्तू हसला.

वीतभर वायरीने इतकी जुनी ओळख परकी होते, हे मला बघवत नाही. परत येऊन मी अडॅप्टर उघडला. आत निम्म्या तारा जोडलेल्याच नाहीत. तो माझ्याच हातात का ठेवला, हे त्या दुकानदाराने माझ्यासमोर उभे राहून सांगावे.