बिनफोडणीचं वरण

नागपुरातल्या कोष्ट्यांच्या वस्तीत ताराचंदला सगळे ‘देवीवाले मास्तर’ म्हणत. देवीची लस टोचणं ही त्याची सरकारी नोकरी. सकाळी खांद्याला पेटी अडकवून तो गल्ल्या पालथ्या घालायचा, दाराआड लपलेल्या पोरांना गोडीगुलाबीनं बाहेर काढायचा. हजारो दंड त्यानं टोचले. राहून गेला तो सख्ख्या भाचीचा.

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. त्याची थोरली बहीण रुखमाबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नवरा मागावर बसायचा, ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. एकुलती एक गोपिका पाच वर्षांची. तान्ही असताना टोचलेली लस तिला धरली नव्हती. ताराचंद पुन्हा टोचायला गेला, तेव्हा पोरीच्या अंगात थोडी कणकण होती. ‘आठ दिवसांनी येतो,’ म्हणून तो निघाला. तेवढ्यात त्याला काटोलकडच्या गावांत धाडलं. महिन्यानं परतला तर गोपिकाचं अंग फोडांनी भरलेलं, उशाशी कडुलिंबाचा डहाळा. चौथ्या दिवशी पोर गेली.

रुखमाबाईनं सारं खापर स्वतःवर फोडून घेतलं. घरात देवी आलेली असताना फोडणी देऊ नये, माता मायला, म्हणजे देवीला, ते खपत नाही, असं वस्तीत मानत. पण नवरा इतवारीच्या बाजारातून सूत घेऊन दिवसभराचा उपाशी आला, म्हणून तिनं वरणाला फोडणी घातली होती. ‘माय कोपली,’ एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून फोडणीचा घास तिनं तोंडात घातला नाही. दर मंगळवारी माता मायच्या ओट्यावर जाऊन माफी मागायची. आठ वर्षांत वाळून काडी झाली.

ताराचंदला ते बघवत नसे. एकदा वाचनालयात मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. विनाकारण आलेलं दुःख माणसाला सोसवत नाही, म्हणून तो कोणाचा तरी कोप शोधतो, असं ते म्हणाले. ताराचंदला वाटलं, हे तर आपल्या बहिणीबद्दलच बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्याकडे गेला.

“बाई, फोडणीनं काही झालं नाही वं. तो रोग होता. माणसाले कारण सापडलं नाही का तो देवाचा राग मानते, अन् सोताच गुन्हेगार होऊन बसते. सोडून दे आता.”

रुखमाबाईनं चरखा थांबवला. “मंग माही गोपी उगीच गेली?”

“हो. कोणाचीच चूक नव्हती.”

“कोणाचीच?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता.

“भाऊ, तू आठ दिवसांनी येतो म्हणून गेला होता. विसरली नाही मी. पोर गेली तवा मनात पह्यले तुह्यंच नाव आलं. पण माहेरचा तू एकटाच माणूस उरलेला. तुह्यावर राग धरला असता तर मी कोणाच्या तोंडाकडे पाह्यलं असतं? म्हणून माह्यावर घेतलं, मायवर टाकलं. ते सोडाले सांगू नोको गा.”

‘कोणाचीच चूक नव्हती’ हे वाक्य आठ वर्षं ताराचंद स्वतःलाच ऐकवत आला होता. कोणी जप करावा तसं.

“कणकण किरकोळ होती, बाई,” तो शेवटी म्हणाला. “टोचता आलं असतं. पण ती माह्या गळ्याले बिलगून रडून राहिली होती. मले तिचं रडणं पाहवलं नाही.”

रुखमाबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच. गोपिका गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. ताराचंद तिच्याजवळ भुईवर बसून राहिला. “बापा, लाडाची होती ना ती तुह्या,” एवढं ती मधेच म्हणाली.

त्यानंतर त्यानं कोणत्याच घरात देवीच्या कोपावरून वाद घातला नाही. दंड टोचायचा आणि बायका सांगतील ते ऐकून घ्यायचा. लहान पोर बिलगून रडलं तरी टोचल्याशिवाय मात्र तो उठत नसे.

पुढं देवीचा रोग देशातून गेला. खात्यानं लस टोचणाऱ्यांचा सत्कार ठेवला, त्यांत ताराचंदचंही नाव होतं. त्या दिवशी तो रजा टाकून बहिणीकडे गेला. रुखमाबाई तेव्हा खाटेला खिळली होती. त्यानं तिला बिनफोडणीचं वरण कालवून भात भरवला, पाणी पाजलं आणि संध्याकाळपर्यंत तिचे पाय चेपत बसला.