तीन शिट्ट्या आणि पाणकावळे

माझ्या मामेसासऱ्यांइतका सभ्यपणे स्फोट करणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा झाला नाही आणि होणारही नाही, हे मी नेपियर टाउनमधल्या माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या काउंटरवर हात ठेवून सांगायला तयार आहे. मामेसासरे म्हणजे बायकोचे मामा. घरात लहानथोर सगळे त्यांना मामाजी म्हणतात. त्यांची उभी हयात दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यात गेली. तयार झालेला माल मैदानात नेऊन तो खरोखर फुटतो की नाही हे बघायचं, हे त्यांचं काम. म्हणजे ज्या आवाजाला आपण दचकतो, त्या आवाजाचा मामाजींना पगार मिळत असे. असा माणूस वागायला धडाकेबाज असेल असं तुम्हांला वाटेल. साफ चूक! कोणतीही गोष्ट फुटण्याआधी तिच्या आसपासच्या प्रत्येक जिवाला ती फुटणार असल्याचं कळलं पाहिजे, हा तिथला पहिला नियम. मामाजींनी तो फाटकाबाहेर काढून घरी आणला आणि निवृत्त झाल्यावरही परत केला नाही.

त्यांना शिंक यायची असली तर आधी उजवा हात वर जातो. समोरच्यांनी दोन पावलं मागं सरकायचं, मग शिंक. कधी कधी सगळे मागं सरकतात आणि शिंक येतच नाही. तेव्हा ते गंभीरपणे ‘क्यान्सल’ म्हणून हात खाली घेतात आणि जनजीवन पूर्वपदावर येतं. दिवाळीत दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत एक सुतळी बॉम्ब फुटायला अर्धा तास लागतो, कारण मामाजी आधी दोन्ही टोकांना लाल फडकं बांधतात, गायी हलवतात, आजारी माणसांच्या घरी कळवून येतात आणि चारी दिशांना तोंड करून ‘कोई है?’ असं तीनदा विचारतात. तोवर पोरांनी पलीकडच्या गल्लीत जाऊन आपली दिवाळी उरकलेली असते. रागाचंही तेच. ‘मी आता चिडून राहिलो बरं का,’ असं ते आधी जाहीर करतात. खोली रिकामी होते. मग ते एकटेच कपाटासमोर उभे राहून चिडतात आणि दार उघडून ‘या आता’ म्हणतात. मामीजी म्हणतात, “लग्न झाल्यापासून यांचा राग मी पाहिलाच नाही, जावईबापू. नुसती सूचना ऐकली.”

तर अशा या माणसाच्या आयुष्यात पाणकावळे आले ते माझ्या दुकानातून. निवृत्तीनंतर मामाजी रोज सकाळी माझ्याकडे पेपर वाचायला येतात आणि नजर तपासायच्या खुर्चीतच बसतात, त्यामुळे गिऱ्हाइकांची नजर मला उभ्यानं तपासावी लागते. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी जगदीश भैया चष्म्यासाठी आले. पाटनच्या पुढे हिरन नदी ओलांडली की एक गाव लागतं, तिथल्या मच्छीमार समितीचे ते अध्यक्ष. मी त्यांना समोरची अक्षरं वाचायला सांगितली.

“नज़र तो ठीक है, भैया,” ते म्हणाले, “पनकौए देख-देख के थक गई है.”

पनकौआ म्हणजे आपला पाणकावळा. काळाकुळकुळीत पक्षी, पाण्यात बुडी मारून मासा गिळतो आणि मग झाडावर दोन्ही पंख पसरून असा बसतो की वाटावं, कोर्टातून आलेल्या वकिलानं कोट वाळत घातला आहे. एकदोन असले तर तलावाची शोभा. पण समितीच्या तलावावर त्या वर्षी त्यांचे थवेच्या थवे उतरले होते. समितीनं पावसाळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलेलं, ते आता बोटाएवढं झालेलं. आणि बोटाएवढा मासा म्हणजे पाणकावळ्याचा नेमका घास. तो तळहाताएवढा झाला की त्याच्या गळ्याखाली उतरत नाही. म्हणजे होळीपर्यंत तलाव राखायचा, एवढाच प्रश्न होता. राखला नाही तर उन्हाळ्यात जाळ्यात चिखल येणार आणि त्या तलावावर जगणारी वीस घरं कामासाठी परगावी जाणार.

“मारना तो क़ानूनन मना है,” जगदीश भैया म्हणाले. “पर लड़के मानते नहीं. कहते हैं, मछली में दवाई भर के डाल दो.”

दवाई म्हणजे विष. पेपर खाली आला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग जगदीश भैयांकडे, आणि उजवा हात वर केला. मी सवयीनं दोन पावलं मागं झालो. पण शिंक नव्हती.

“आवाजाचं काम आहे ना?” ते म्हणाले. “हमारे ऊपर छोड़ दो.”

दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानातली दुर्बीण सरकारजमा झाली. मामाजी सकाळच्या बसनं पाटनला, तिथून जगदीश भैयांच्या मोटारसायकलवर तलावावर, असं सुरू झालं. सोबत एक लाल झेंडा, एक हिरवा, गळ्यात शिट्टी आणि पिशवीत सुतळी बॉम्ब. पहिले चार दिवस विजयाचे गेले. बॉम्ब फुटला की सगळा थवा आकाशात, मच्छीमारांच्या टाळ्या, चहा, बिस्कीट. पाचव्या दिवसापासून काहीतरी वेगळं घडू लागलं, पण ते मामाजींना फार आवडल्यामुळे त्यात काही चुकतंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. घरी येऊन ते मामीजींना कौतुकानं सांगत, “शिस्त म्हणजे काय शिस्त! आमच्या कारखान्यात माणसं ऐकत नव्हती एवढं ऐकून राहिले ते पक्षी!”

मी एका रविवारी मामीजींना गाडीत घालून ती शिस्त बघायला गेलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खुर्ची, खुर्चीशेजारी बांबू, समोर पाण्यात काळे ठिपकेच ठिपके. मामाजींनी उभं राहून तीन शिट्ट्या वाजवल्या. पाणकावळ्यांनी माना वर केल्या. लाल झेंडा बांबूवर चढला. थवा उठला, घाबरून नव्हे, जेवणाची सुट्टी झाल्यावर हात धुवायला उठतात तसा. सगळे जाऊन पलीकडच्या वाळलेल्या बाभळीवर ओळीनं बसले. मामाजींनी चारी दिशांना ‘कोई है?’ विचारलं. कुणी नव्हतं. वात पेटवली. धडाम! बाभळीवर एक पीसही हललं नाही. मग नियमाप्रमाणे दोन मिनिटं थांबणं, जागा तपासणं, लाल झेंडा खाली, हिरवा वर, एक लांब शिट्टी. आणि त्या शिट्टीसरशी सगळा थवा परत तलावात! एक उशीर करणारा होता, तो घाईघाईनं मागाहून आला.

“देखा?” मामाजींचा चेहरा उजळला होता. “एकालाही ओरखडा नाही!”

जगदीश भैयांनी कपाळाला हात लावला. “बाबूजी, आप उनको खाने पे बुला रहे हो!”

“मग काय करू?”

“बिना सीटी के फोड़ो न! चुपके से!”

मामाजी खुर्चीत बसले, शिट्टी हातात धरून. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी आपल्या डाव्या कानावर बोट ठेवलं. या कानानं त्यांना ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कामाच्या आवाजानं गेला असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

“नवीन होतो नोकरीत,” ते हळूच म्हणाले. “एकदा वाटलं, कोणी नाही आहे, कशाला शिट्टी? मी नाही वाजवली. माझा दोस्त होता तिकडे. त्याचा हात गेला, माझा कान. त्यानं कोणाला नाव नाही सांगितलं माझं.” मग जरा थांबून, “पक्षी असला म्हणून काय झालं, जावईबापू? माझ्याच्यानं होतच नाही.”

त्यांचा एकही किस्सा मी आजवर मीठमसाला लावल्याशिवाय सांगितलेला नाही. याला मात्र माझ्याकडे मसाला नव्हता.

जगदीश भैया वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्चीसमोर उकिडवं बसून समजावलं, “चिड़िया से दुश्मनी नहीं है, बाबूजी. पर बीज तो हमारा है न? लड़कों को आठ दिन रोक लूँगा. फिर मेरी भी नहीं सुनेंगे.”

पाण्यात बुडक्यांवर बुडक्या चालल्या होत्या. एवढा वेळ मामीजी डबा मांडीवर घेऊन नुसत्या बघत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, पण हिरवा झेंडा दाखवताच काहून तुम्ही?”

“म्हणजे?”

“ते लाल झेंडा पाहून उठतात. बाभळीवर जाऊन बसतात. त्यांना परत कोण बोलावून राहिलं? तुम्हीच ना? नका बोलावू.”

“असं कसं? लाल झेंडा वर असला की ज्यानं लावला त्याला जागा सोडता येत नाही. कायदा आहे!”

“मग नका सोडू.”

“होळीपर्यंत?”

“होळीपर्यंत.”

“आणि जेवण?”

“मी काय मेली आहे का?” मामीजी म्हणाल्या, आणि डबा उघडला.

त्या दिवसापासून अडीच महिने माझे मामेसासरे आणि मामेसासू जगदीश भैयांच्या घरी राहिले. शुद्ध शाकाहारी माणसं! ज्या घरात दोन्ही वेळा मासळी शिजायची, त्या घराच्या ओसरीवर मामीजींनी आपला स्टोव्ह मांडला. पहिल्या आठवड्यात त्या नाकाला पदर लावून भाकरी थापत. तिसऱ्या आठवड्यात जगदीश भैयांच्या सुनेला झुणका शिकवत होत्या आणि पोह्यांवर तर्री कशी घालायची यावर अर्धा मोहल्ला त्यांच्याभोवती जमत होता. इकडे मामाजी उजाडताना पाळीवर जात, तीन शिट्ट्या वाजवत, लाल झेंडा चढवत आणि पाखरं रातथाऱ्याला जाईपर्यंत बसून राहत. एखादा चुकार पाणकावळा पाण्याकडे वळलाच तर झेंडा खांद्यावर घेऊन पाळीवरून चालत जात, लग्नाच्या वरातीत पुढं चालणाऱ्या मामासारखे. तो उठला की परत खुर्ची. बॉम्बही आठवड्यातून एखादा लावत, सगळे नियम पाळून, नुसता धाक राहावा म्हणून. गावातली म्हातारी मंडळी उन्हाला येऊन शेजारी बसू लागली. ‘बाबूजी की ड्यूटी’ हे त्यांना वेळ सांगायचं साधन झालं.

पहिल्या दिवसाची हकीकत जगदीश भैयांनी मला पुढं सांगितली. झेंडा वर राहिला. पाणकावळे बाभळीवर बसून वाट बघत होते. दहा वाजले, अकरा वाजले. माना वळवून वळवून ते मामाजींकडे बघत होते, कारण एवढा उशीर कधी होत नसे. दुपारी एकेक करून उठले आणि हिरनच्या दिशेनं गेले. मामाजी दुर्बिणीतून शेवटचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मच्छीमारांनी आनंदानं चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही.

“उपाशी गेले,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी रविवारी गेलो की ते जगदीश भैयांना एकच प्रश्न विचारताना दिसत: “हिरन में मछली है न?” जगदीश भैया म्हणत, “बहुत है, बाबूजी.” पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. शेवटी जगदीश भैया वैतागून माझ्याकडे वळून म्हणाले, “भैया, ये हमारी तरफ़ हैं या उनकी तरफ़?” मामाजींनी हे ऐकलं, पण तो डावा कान असल्याचं सोंग केलं.

होळीच्या चार दिवस आधी जगदीश भैयांनी छोटं जाळं फेकलं आणि एक मासा काढून आपल्या तळहातावर ठेवला. मासा तळहाताच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला. पाळीवर सगळी समिती जमली होती. विष घालू म्हणणारी पोरंही होती आणि तीच सर्वांत पुढं होती. “अब ये उनके गले नहीं उतरेगी,” जगदीश भैया म्हणाले आणि वाकून मामाजींच्या पाया पडले. “अब आप आराम करो, बाबूजी.”

कामावरून निवृत्त होताना हार घातलेल्या मामाजींचा चेहरा मी पाहिला होता. तोच चेहरा मी पुन्हा पाहिला. त्यांनी नियमाप्रमाणे लाल झेंडा उतरवला, हिरवा चढवला, लांब शिट्टी वाजवली आणि बाभळीकडे बघत उभे राहिले. कुणी आलं नाही. झाड रिकामंच होतं. “समजलं नसेल त्यांना,” असं म्हणून त्यांनी शिट्टी आणखी एकदा वाजवली. मग दोन्ही झेंड्यांच्या नीट घड्या घातल्या.

परतताना मी गाडी चालवत होतो, मामाजी शेजारी, मामीजी मागं स्टोव्ह आणि बिछान्यांच्या मध्ये. हिरनच्या पुलावर म्हशींचा कळप आडवा आला आणि निवांत उभाच राहिला. मी हॉर्नकडे हात नेला, तेवढ्यात मामाजींनी माझं मनगट धरलं. पुलाखाली, पाण्यातल्या खडकांवर, ओळीनं पंख पसरून पाणकावळे बसले होते. त्यांच्यातल्या एकानं बुडी मारली, वर आला, मान झटकली आणि गिळलं.

मामाजी खिडकीची काच खाली करून बघत होते.

“हॉर्न नका वाजवू, जावईबापू,” ते म्हणाले. “जेवून राहिले ते.”