गाण्याच्या खुर्च्या

या शहरात कला कुणामुळं टिकून आहे असं मला कुणी विचारलं, तर मी सरळ सांगतो, खुर्च्यांमुळं. हसू नका. माझा मंडपाचा धंदा आहे, उस्मानपुऱ्यात गोडाऊन आहे आणि त्यात लाल प्लास्टिकच्या तीनशे खुर्च्या आहेत. लग्नाला आता त्यांना कुणी विचारत नाही. मंगल कार्यालयवाल्यांनी स्वतःच्या आणल्या, पांढरे झगे घातलेल्या. वाढदिवसाला लोक सोफे मागतात. राहता राहिलं गाणं, व्याख्यान आणि कविसंमेलन. म्हणजे जिथं माणसं येत नाहीत, तिथं माझ्या खुर्च्या जातात.

पण गाणं लागलं की निम्मं शहर हलतं, हे मी गोडाऊनच्या दारात बसून बघितलेलं आहे. फ्लेक्सवाला हलतो, माईकवाला हलतो, औरंगपुऱ्यातली गजरेवाली दोन टोपल्या जास्त आणते. मंडळाच्या बायका गुलमंडीवर साडी घ्यायला जातात आणि येताना चार दुकानं फिरून येतात. इस्त्रीवाल्याकडं वर्षभर न दिसलेले सिल्कचे झब्बे येतात. एका बाईंनी दोन तास गळा मोकळा केला की इतक्या घरात चूल पेटते. त्यातली एक माझी.

या खुर्च्या आल्या कुठून, तेही सांगतो. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव, घरची मेंढरं. पंधरा वर्षांमागं मी माझ्या वाटणीच्या चाळीस मेंढ्या विकल्या आणि खुर्च्या घेतल्या. आबा, म्हणजे माझे वडील, त्यानंतर पहिल्यांदा गोडाऊनला आले तेव्हा सगळ्या थप्प्यांना चक्कर मारली आणि म्हणाले, "ह्या मेंढ्यांवानी वितात का रे?"

तर गेल्या हिवाळ्यात ह्या खुर्च्यांवर वाईट वेळ आली. संगीत मंडळाचे चिटणीस, निवृत्त हेडमास्तर, आम्ही त्यांना सरच म्हणतो, ते तोंड पाडून माझ्याकडं आले. मंडळाचा सगळा खर्च वाळूजच्या एका कारखान्याचे शेठ करतात. त्या शेठनी सांगून ठेवलं होतं, मागच्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. यंदाही तसंच दिसलं तर हे शेवटचं वर्ष. शेठचं म्हणणं, माझ्या कारखान्याचा बोर्ड काय मी रिकाम्या खुर्च्यांना दाखवायला लावतो का?

सर म्हणाले, "मंडपवाले, खुर्च्या जरा लांब लांब लावा. गर्दी वाटते."

"सर, मागच्या वर्षी तेच केलं होतं. दोन खुर्च्यांमधून स्कूटर जात होती."

मंडळ बंद झालं असतं तर त्याच्या मागं दुसरी दोन मंडळंही बसली असती, त्यांचेही शेठ हेच. मग माझ्या खुर्च्या भंगारात, आणि मी बायकोच्या भावाच्या रसवंतीवर. मी म्हणालो, "सर, माणसं मी आणतो. तुम्ही फक्त वडा-चहाचं बघा."

कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या पोचवून मोकळे झालेले दोन टेम्पो मी गावाकडं पिटाळले. साठ-सत्तर माणसं आली. आबा, चुलते, चुलत्या, सगळी भावकी. पांढरी धोतरं, तांबडे पटके, बायका ठेवणीतल्या लुगड्यात. मी सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं, मोठ्या बाईचं गाणं आहे, गुमान बसायचं. इथंच मी चुकलो. गाण्याला कसं बसायचं असतं, हे आपल्याला माहीत आहे असं आमची माणसं समजतात.

मी त्यांना मागच्या रांगांत कोंबलं. तेवढ्यात शेठ आले. त्यांनी तांबडे पटके बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं मंडळानं खास लोककलावंत बोलावलेत. "अरे, या मंडळींना मागं का बसवलं?" म्हणून त्यांनी स्वतः हाताला धरून आबांना पहिल्या रांगेत आणलं. बाकीचे मागोमाग आलेच, आमच्यात कुणाला एकट्याला बसू देत नाहीत.

आधी पाहुण्या प्राध्यापकांचं भाषण झालं, शहराच्या अर्थकारणात कलेचं स्थान. पाऊण तास ते पर्यटनावर बोलले, हॉटेलांवर बोलले, परदेशातल्या शहरांवर बोलले. खुर्चीचं नाव नाही. बोलताना टेकले होते मात्र माझ्याच खुर्चीला.

मग गाणं सुरू झालं. बाई साठीच्या पुढच्या, आवाज असा की मंडपाचं कापडसुद्धा हलायचं थांबलं. आबा पहिल्यांदा खुर्चीवर मांडी घालून बसायला बघत होते. ते जमेना. दहा मिनिटांनी ते खाली उतरले आणि स्टेजच्या पुढ्यात जमिनीवर बसले. त्यांच्या मागं सगळी भावकी उतरली. शेठच्या दोन्ही बाजूला माझ्या खुर्च्या रिकाम्या.

पण पुढच्या मानानं ते सोपं होतं. बाई आलापात रंगल्या असताना आबा उठले, बंडीच्या आतल्या खिशातून एक नोट आणि एक नाणं काढलं आणि स्टेजवर चढले. आमच्याकडं भजन असो की जलसा, गाणं आवडलं की बक्षीस द्यायचं आणि ते माईकवरून पुकारायचं, हा रिवाज. पुकारल्याशिवाय देणारा खाली उतरत नाही. अकरा रुपये आबांनी पेटीवर ठेवले आणि हात बांधून उभे राहिले. पेटीवाला पैशांकडं बघतोय, तबलजी पेटीवाल्याकडं बघतोय, सर माझ्याकडं बघताहेत. आबा ढिम्म.

बाईंनी आलाप हळूच थांबवला. त्यांनी काय प्रकार आहे ते ओळखलं. पैसे उचलून कपाळाला लावले आणि माईकवरच विचारलं, "बाबा, कुणाच्या नावानं पुकारू?"

आबा माईकजवळ वाकले. "चाळीस मेंढ्यांकडनं म्हणा."

"चाळीस मेंढ्यांकडून अकरा रुपये," बाईंनी पुकारलं.

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं म्हातारा गमत्या आहे. तो टोला कुणाला होता, हे तिथं मला एकट्याला कळलं, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली येऊन बसले.

त्यानंतर जे झालं ते मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. मेंढ्यांचं नाव पुकारलं आणि आपलं नाही, हे शेठना कसं सोसणार? ते उठले, पाचशेची नोट घेऊन वर गेले आणि कारखान्याचं नाव पुकारेपर्यंत तिथंच थांबले. मग डॉक्टर उठले. मग वकील. गाणं ऐकायला आलेली माणसं रांगेत उभी राहिली. रस्त्यानं जाणारे काय गडबड आहे म्हणून आत शिरले, आणि मध्यंतरापर्यंत मंडपात पाय ठेवायला जागा राहिली नाही. वड्याचा दुसरा घाणा काढावा लागला. बाई उशिरापर्यंत गायल्या आणि आबा एकदाही हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाजातच पेढे होते. "शेठ पुढची पाच वर्षं द्यायला तयार आहेत."

मी मनातल्या मनात नव्या खुर्च्यांचा रंग ठरवला.

"फक्त एक," सर म्हणाले, "यापुढं खुर्च्या नकोत. सगळी भारतीय बैठक. शेठना खाली बसलेली मंडळी फार आवडली. निघताना तुमचे वडीलही त्यांना म्हणाले, गाण्याला खुर्ची कशाला पायजे."

माझं डोकं सणकलं. आबा माझ्याच घरी मुक्कामाला होते, जेवत होते. मी समोर उभा राहून बडबडलो. "आबा, अहो मी जिवाचा आटापिटा करून मंडळ वाचवलं, आणि तुम्ही माझ्याच पोटावर पाय दिला. तीनशे खुर्च्या घेऊन मी आता काय करू?"

आबांनी भाकरी मोडली. "गाणं राहिलं का नाय?"

"राहिलं."

"मंग सतरंज्या घे. गाद्या घे."

"अन् खुर्च्या?"

"इकून टाक."

"असं कसं इकून टाक? पंधरा वर्षं सांभाळल्यात मी त्या." माझा आवाज चिरकला. त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"मेंढ्या गेल्या तवा मी दोन दिस जेवलो नव्हतो," ते म्हणाले. "तिसऱ्या दिशी जेवलो. तू आजच जेव. भाकर गार व्हायली."

त्या दोन दिवसांचं मला पंधरा वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. मी ताट ओढून घेतलं आणि त्यांच्या शेजारी खाली बसलो.